दुनाकाठची वल्ही

ऑगस्ट २०२१. टोकियोतल्या सी फॉरेस्ट जलमार्गावर पुरुषांच्या एकेरी कयाकची हजार मीटरची अंतिम शर्यत. कोविडमुळे प्रेक्षकांच्या जागा रिकाम्या. पहिली होडी अंतिम रेषा ओलांडते ती हंगेरीच्या बालिंत कोपासची. दुसरी आदाम वर्गाची, तोही हंगेरीचाच. पोर्तुगालचा फर्नांडो पिमेंटा तिसरा.

एकाच देशाचे दोघं पहिले-दुसरे, यात काय विशेष, असं वाटेल. धावण्याच्या शर्यतीत जमैकाचं, केनियाचं असं आपण कितीदा पाहिलंय. पण या खेळात ते आधी घडूच शकत नव्हतं. नियमच तसा होता: प्रत्येक शर्यतीत एका देशाची एकच होडी. देशातला दुसरा खेळाडू जगात दुसरा असला तरी त्याने घरी बसायचं. टोकियोपासून ही अट थोडी सैल झाली, पात्र ठरलेल्या खेळाडूंमधून दोन होड्या उतरवता येऊ लागल्या, आणि पहिल्याच संधीला हंगेरीने हे करून दाखवलं.

हा नियम नीट लक्षात ठेवा. हंगेरीची या खेळातली सगळी गोष्ट मला त्या नियमातूनच दिसते. लोकसंख्या एक कोटीच्याही खाली, समुद्राचा एक इंच किनारा नाही, आणि तरी या देशाकडे कयाक आणि कनूमधली २८ ऑलिम्पिक सुवर्णपदकं आहेत. एकूण पदकं ऐंशीच्या वर. तिथल्या खेळाडूला विचारलं तर ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीइतकीच धास्ती त्याला घरच्या निवड चाचणीची असते. जगाला हरवण्याआधी शेजारच्या क्लबातल्या मुलाला हरवावं लागतं, आणि तो शेजारचा मुलगा बऱ्याचदा जगज्जेता असतो.

आधी खेळ समजून घेऊ. कारण आपल्याकडे ‘कयाकिंग’ म्हटलं की सुट्टीत बॅकवॉटरमध्ये लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या होडीत बसून काढलेला फोटो डोळ्यांसमोर येतो. शर्यतीची होडी आणि ती होडी यांचं नातं शर्यतीची सायकल आणि दूधवाल्याची सायकल यांच्याइतकंच.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांची शिकारीची होडी. लाकडी किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणलेलं. त्यात माणूस पाय पुढे सोडून बसतो आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कनू ही उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची, भूर्जाच्या सालीची. शर्यतीच्या कनूत माणूस एक गुडघा टेकून, दुसरा पाय पुढे रोवून, जवळजवळ उभाच असतो, आणि एकाच पात्याचं वल्हं एकाच बाजूने मारतो.

एकाच बाजूने! मग होडी गोल कशी फिरत नाही? कयाकला निदान छोटं सुकाणू असतं, ते पायाने हलवता येतं. एकेरी कनूला सुकाणूच नाही. प्रत्येक वल्ह्याच्या शेवटी, पातं पाण्याबाहेर काढण्याआधी, मनगट वळवून पाण्याला बाहेरच्या बाजूला एक हलकी ढकल द्यायची असते. वल्ह्याच्या जोराने वळलेलं नाकाड त्या ढकलीने पुन्हा सरळ होतं. हजार मीटरमध्ये हे शेकडो वेळा करायचं, दम लागलेला असताना, बाजूने वारा असताना. मला विचाराल तर ऑलिम्पिकमधल्या अवघड हालचालींच्या यादीत ही फार वर आहे, आणि टीव्हीवर ती दिसतही नाही.

शर्यतींची नावं सोपी असतात. ‘के’ म्हणजे कयाक, ‘सी’ म्हणजे कनू, पुढचा आकडा म्हणजे होडीत किती माणसं. के-४ पाचशे मीटर म्हणजे चौघांची कयाक, अर्धा किलोमीटर. होडीच्या मापांवर बंधनं आहेत: के-१ जास्तीत जास्त ५ मीटर २० सेंटिमीटर लांब, आणि वजन निदान १२ किलो. के-४ अकरा मीटरपर्यंत. लांबीवर बंधन का? कारण पाण्यावर चालणारी कुठलीही वस्तू स्वतःच लाट उठवते आणि त्या लाटेशीच झगडते. होडी जितकी लांब, तितका तो झगडा उशिरा सुरू होतो, तितका वेग जास्त. लांबीवर मर्यादा नसती तर प्रत्येक देश आणखी लांब होडी घेऊन आला असता.

रुंदीचं उलट आहे. पूर्वी होडी अमुक इतकी रुंद हवीच अशी अट होती, ती आता काढून टाकली. त्यामुळे होड्या अरुंद झाल्या, पाण्याला कमी घासणाऱ्या आणि भयंकर डळमळीत. कोकणातल्या छोट्या होडीला बाजूला उलांडी असते, तिच्या आधाराने होडी कलंडत नाही. इथे तसला काहीच आधार नाही. पहिल्यांदा बसणाऱ्याचं काय होतं ते सांगतो. होडी धक्क्याला लागलेली असते, एक हात धक्क्यावर, वल्हं आडवं टाकलेलं. बसेपर्यंत सगळं ठीक. हात सुटतो, होडी किंचित डावीकडे झुकते, माणूस घाबरून उजवीकडे जोर देतो, आणि दुसऱ्या क्षणाला तो पाण्यात. होडी स्थिर राहते ती फक्त वल्ही चालू असताना. थांबलात की पडलात. हंगेरीत लहान मुलांना म्हणूनच आधी आखूड आणि रुंद होड्या देतात. हळूहळू होडी अरुंद होत जाते, आणि बारा-तेरा वर्षांचं पोर त्या काठीसारख्या होडीत असं बसतं जसं आपण खुर्चीत.

हातांच्या ताकदीचा हा खेळ आहे, असा एक गैरसमज असतो. कयाकचं खरं बळ पायातून येतं. उजवं वल्हं पाण्यात रोवलं की उजवा पाय पुढच्या फळीला रेटायचा, त्या रेट्याने कंबर वळते, कमरेबरोबर खांदे वळतात, आणि हात जवळजवळ सरळच राहतो. वल्हं मागे ओढलं जातं, असं आपल्याला दिसतं. खरं तर वल्हं पाण्यात रुतलेलं असतं आणि माणूस आपली होडी त्याच्या पुढे ओढून नेतो. १९८०च्या दशकात स्वीडनमधून विमानाच्या पंखासारख्या वळणाचं पातं आलं आणि ही पकड आणखी घट्ट झाली. काही वर्षांतच साधी सपाट पाती शर्यतींमधून हद्दपार झाली.

आता हंगेरीकडे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली त्रियानोंच्या तहाने या देशाचा दोन तृतीयांश भूभाग गेला. फिउमे हे बंदरही गेलं, आज क्रोएशियात आहे ते रियेका. समुद्र संपला. उरल्या नद्या. दुना म्हणजे आपण जिला डॅन्यूब म्हणतो ती, हंगेरीतून चारशेहून अधिक किलोमीटर वाहते. पूर्वेला तिसा आहे, संथ आणि वळणावळणांची. दोन्ही नद्या बहुतेक सपाट मैदानातूनच जातात. धबधबे नाहीत, खळाळ नाही.

याचा परिणाम किती थेट आहे बघा. ऑलिम्पिकमध्ये या खेळाचे दोन प्रकार आहेत: सरळ पाण्यातली वेगाची शर्यत, म्हणजे स्प्रिंट, आणि खळाळत्या पाण्यात टांगलेल्या फाटकांमधून वाट काढायची, ती स्लालम. हंगेरीची सगळी पदकं स्प्रिंटमधली. स्लालममध्ये एकही नाही. वरच्या अंगाला, हंगेरीच्या सीमेला लागूनच, ब्रातिस्लावाजवळ चुनोवो इथे याच दुनाच्या पाण्यावर कृत्रिम खळाळ बांधलेला आहे. तिथे सराव करणारे स्लोव्हाकियाचे होखशोर्नर हे जुळे भाऊ २०००, २००४ आणि २००८ असे सलग तीन वेळा स्लालमचे ऑलिम्पिक विजेते झाले. नदी एकच, वर खळाळ मिळाला तिथे एक खेळ रुजला, खाली संथ पाणी मिळालं तिथे दुसरा.

बुडापेस्टच्या दक्षिणेला चेपेल नावाचं लांबलचक बेट आहे. त्याच्या पूर्वेकडून दुनाचा एक फाटा वाहतो. त्याच्या दोन्ही टोकांना दरवाजे बसवलेले असल्याने तिथलं पाणी तळ्यासारखं संथ असतं. म्हणजे राजधानीच्या शहरापासूनच सुरू होणारं, मुख्य नदीच्या गाळ आणि बोटींच्या लाटांपासून दूर, पन्नासहून अधिक किलोमीटरचं सरावाचं पाणी. असं पाणी कुठल्या क्रीडा मंत्रालयाने ठरवून खणलं नव्हतं, ते आयतं मिळालं. त्याच्या काठाने होडीघरं उभी राहिली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, रविवारी होडी घेऊन दुनावर जायचं, रात्री काठावर तंबू टाकायचा, हा बुडापेस्टच्या मध्यमवर्गाचा छंद होता. त्याच सुमाराला जर्मनीतून घडी करून पिशवीत भरता येणाऱ्या होड्या आल्या आणि ज्याच्याकडे होडीघर नाही तोही आगगाडीने होडी घेऊन जाऊ लागला. या घडीच्या होड्यांची १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये वेगळ्या शर्यतीसुद्धा होत्या. कयाक आणि कनू ऑलिम्पिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून आले तेही त्याच वर्षी.

दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवट आली आणि छंदाचा खेळ सरकारी यंत्रणेत गेला. क्लब सैन्याच्या, पोलीस खात्याच्या, कारखान्यांच्या छत्राखाली गेले. चेपेलला पोलादाचा मोठा कारखाना होता, त्याचा क्लब. सैन्याचा होनवेद. खेळाडू कागदावर कामगार किंवा शिपाई, प्रत्यक्षात दिवसभर पाण्यावर. त्या व्यवस्थेने माणसांचं काय केलं तो वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. पण नदीकाठच्या शाळकरी मुलाला होडी, वल्हं आणि प्रशिक्षक फुकट मिळू लागला, हेही तितकंच खरं.

पहिली पदकं १९५२ला हेलसिंकीत आली: दोन रौप्य, एक कांस्य. पहिलं सुवर्ण १९५६चं, आणि ते कुठल्या परिस्थितीत आलं ते आठवलं की मला आजही थांबावंसं वाटतं. २३ ऑक्टोबरला बुडापेस्टमध्ये उठाव झाला. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले. २२ नोव्हेंबरला मेलबर्न ऑलिम्पिक सुरू झालं. हंगेरीचे खेळाडू जगाच्या दुसऱ्या टोकाला, आणि घरी कोण जिवंत आहे, कोण नाही, याची धड खबर नाही. मेलबर्नपासून शंभरेक किलोमीटरवर बॅलराट नावाचं गाव आहे, तिथल्या वेंडूरी तलावावर होड्यांच्या शर्यती झाल्या. यानोश उरान्यी आणि लास्लो फाबियान यांनी दुहेरी कयाकमध्ये दहा हजार मीटरचं सुवर्ण जिंकलं. सुमारे ४३ मिनिटं सलग वल्हवून. दहा हजार मीटरची शर्यत ऑलिम्पिकमध्ये त्यानंतर पुन्हा कधीच झाली नाही. म्हणजे हंगेरीला पहिलं सुवर्ण देऊन तो प्रकारच मिटला. त्या ऑलिम्पिकनंतर हंगेरीचे अनेक खेळाडू मायदेशी परतले नाहीत.

पुढच्या वेळी, १९६०ला, रोमजवळच्या अल्बानो तलावावर यानोश पार्ती एकेरी कनूमध्ये हजार मीटरचा विजेता झाला. त्याआधी १९५२ला त्याला रौप्य, १९५६ला रौप्य. आठ वर्षं दुसरा राहिलेला माणूस तिसऱ्या वेळी पहिला आला. १९६८ला मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत दोन सुवर्णं मिळाली: कयाकमध्ये मिहाय हेस, कनूमध्ये तिबोर ततई. हेसही त्याआधी टोकियोत, १९६४ला, दुसराच आला होता. मग १९७२ आणि १९७६ सुवर्णाविना गेली. पूर्व जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यासमोर टिकणं कठीण झालं होतं. १९८०ला मॉस्कोत फोल्तान आणि वाश्कुती या कनू जोडीने एक सुवर्ण आणलं. १९८४ला सोव्हिएत गोटातल्या देशांनी लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकला आणि हंगेरीच्या एका अख्ख्या पिढीचं ऑलिम्पिक हुकलं.

१९८८ला सोलमध्ये दार उघडलं ते मग बंदच झालं नाही. झोल्ट द्युलईने एकेरी कयाकचं पाचशे मीटरचं सुवर्ण जिंकलं, आणि त्याच्यासकट चौघांच्या कयाकने हजार मीटरचं. तिथपासून टोकियोपर्यंत, सलग नऊ ऑलिम्पिकमध्ये, हंगेरीने या खेळात निदान एक तरी सुवर्ण घेतलं. राजवट १९८९-९०मध्ये बदलली, कारखाने आणि सरकारी पैसा गेला, पण क्लब राहिले, आणि क्लबांमध्ये माणसं राहिली. माझ्या मते खरी गुरुकिल्ली हीच. यंत्रणा कोसळल्यावरही ज्ञान नदीकाठी शिल्लक होतं, घराघरांत.

घराघरांत हे मी शब्दशः म्हणतोय. १९५६चं सुवर्ण जिंकणाऱ्या फाबियानची बायको कातालिन रोझन्योई. तिने स्वतः १९६८ला दुहेरी कयाकमध्ये रौप्य मिळवलं, पुढे ती प्रशिक्षक झाली. हंगेरीत ती ‘फाबियाने’ म्हणून ओळखली जाते. नवऱ्याच्या नावाला ‘ने’ जोडलं की त्याची बायको, अशी तिथली जुनी रीत आहे. (आडनाव आधी, नाव नंतर, हीसुद्धा हंगेरीची रीत. मी इथे आपल्या सोयीने नाव आधी लिहितोय.) तिच्या हाताखाली कातालिन कोवाच तयार झाली, आणि कोवाचच्या नावावर जागतिक स्पर्धेची ३१ सुवर्णपदकं आहेत. सोलच्या त्या चौघांच्या कयाकमध्ये फेरेन्त्स चिपेश होता. त्याची मुलगी तामारा पुढच्या वर्षी जन्मली आणि मोठी होऊन दोन ऑलिम्पिक सुवर्णं घेऊन आली.

बायकांची गोष्ट उशिरा सुरू झाली. महिलांची पहिली ऑलिम्पिक शर्यत १९४८ची, पण हंगेरीच्या बायकांना पहिलं सुवर्ण मिळायला १९९२ उजाडलं. बार्सिलोनात चौघींच्या कयाकने जर्मनीला मागे टाकलं. त्यातली रिता कोबान पुढच्या वेळी, अटलांटात, एकेरीतही पहिली आली.

आता ‘एका देशाची एकच होडी’ या नियमाकडे परत येऊ. २००४चं वर्ष घ्या. कातालिन कोवाच २००३ची एकेरी पाचशे मीटरची जगज्जेती. अथेन्समध्ये एकेरीला तीच जाणार, असं वाटावं. पण तोवर हंगेरीत नाताशा यानिच आली होती. मूळची सर्बियातली, बाच्का पालांका गावची, २०००ला युगोस्लाव्हियाकडून ऑलिम्पिक खेळलेली. तिचे वडील मिलान यानिच १९८४ला युगोस्लाव्हियासाठी रौप्य जिंकलेले. बापही दुनाकाठचा, मुलगीही. बाच्का पालांका याच नदीच्या काठावर आहे. नदी खालून वर चढावी तशी ती त्याच पाण्याच्या काठाने हंगेरीत आली. एकेरीची जागा यानिचला मिळाली आणि अथेन्समध्ये तिने सुवर्ण जिंकलं. आणि मग काय केलं हंगेरीने? या दोघी प्रतिस्पर्ध्यांना एकाच होडीत बसवलं. दुहेरी पाचशे मीटर: कोवाच आणि यानिच, सुवर्ण. चार वर्षांनी बीजिंगला पुन्हा त्याच दोघी, पुन्हा सुवर्ण.

दुहेरीत पुढचीने ताल धरायचा, मागचीने तो डोळे झाकून पकडायचा असतो. दोन वल्ही एकाच क्षणी पाण्यात शिरली नाहीत तर होडी झटके खाते आणि तो वेळ परत मिळत नाही. आदल्या महिन्यात जिने तुमची जागा घेतली तिच्या पाठीकडे बघत, तिच्या श्वासाशी श्वास जुळवत वल्हवायचं. हंगेरीच्या निवड चाचण्यांनी घडवलेली माणसं अशी असतात.

कोवाचची दुसरी गोष्ट मला जास्त हलवते. चौघींच्या कयाकमध्ये तिला २०००ला रौप्य, २००४ला रौप्य, २००८ला रौप्य. तिन्ही वेळा पुढे जर्मनी. पहिल्या दोन वेळा त्या जर्मन होडीत बिर्गिट फिशर होती, जिच्याकडे आठ ऑलिम्पिक सुवर्णं आहेत. फिशरने शेवटचं सुवर्ण जिंकलं तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. २०१२ला लंडनजवळच्या डॉर्नी तलावावर कोवाच चौथ्यांदा त्या शर्यतीत उतरली. या वेळी होडीत गाब्रिएला साबो, दानुता कोझाक आणि क्रिस्तिना फाझेकाश होत्या. हंगेरी पहिली, जर्मनी दुसरी. बारा वर्षं लागली.

कनूचं नाव काढल्यावर द्यॉर्द कोलोनिचचं नाव घ्यावंच लागतं. अटलांटाला चाबा होरवातबरोबर दुहेरीत सुवर्ण, सिडनीला एकेरी पाचशे मीटरमध्ये सुवर्ण, शिवाय दोन ऑलिम्पिक कांस्यं, आणि पंधरा वेळा जगज्जेता. सिडनीचं वर्ष हंगेरीसाठी या खेळातलं सर्वांत मोठं. चार सुवर्णं आली, त्यातलं एक त्याचं. २००८ला छत्तिसाव्या वर्षी तो बीजिंगची तयारी करत होता, द्यॉर्द कोझमानबरोबर दुहेरी कनूत. १५ जुलैला, ऑलिम्पिक सुरू व्हायला एक महिनासुद्धा उरला नव्हता, चेपेलला सराव करतानाच त्याचं हृदय थांबलं. त्याच संथ पाण्याच्या काठी, जिथे पिढ्यान्‌पिढ्या पोरं होडी शिकली.

कोझमानने काय करायचं? कनूची जोडी जमायला वर्षं लागतात. एक डाव्या बाजूने मारतो, एक उजव्या, आणि दोघांचं वजन, लांबी, झोक जुळावा लागतो. त्याच्या जोडीला आता तामाश किश नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा आला. हातात जेमतेम काही आठवडे. बीजिंगला त्या दोघांनी हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं. आणि सेगेदच्या अतिला वायदाने एकेरी कनूचं हजार मीटरचं सुवर्ण जिंकून ते कोलोनिचला वाहिलं. बीजिंगला सगळ्या खेळांत मिळून हंगेरीला तीन सुवर्णं मिळाली. त्यातली दोन होड्यांमधली, वायदाचं आणि कोवाच-यानिचचं. तिसरं वॉटरपोलोचं. तेही पाण्यातच.

मग कोझाकचं युग आलं. लंडनला दोन सुवर्णं: चौघींचं आणि एकेरी पाचशे मीटरचं. २०१६ला रिओत, रोद्रिगो दे फ्रेइतास या शहराच्या मधोमध असलेल्या खाजणात, तिने एकेरी जिंकली, साबोबरोबर दुहेरी जिंकली, आणि चौघींचीही जिंकली. एकाच ऑलिम्पिकमध्ये तिन्ही प्रकार, असं त्याआधी कुठल्याही महिलेने केलं नव्हतं. हे किती कठीण आहे ते सांगतो. एकेरीत स्वतःच्या लयीचं राज्य असतं. दुहेरीत आणि चौघींत ती लय सोडून दुसऱ्याची अंगात घ्यावी लागते, आणि होडीचा वेग वाढतो तसं वल्हं पाण्यात रोवायला मिळणारा क्षण आखूड होतो. शरीराला दर दिवशी वेगळा खेळ शिकवल्यासारखं आहे ते. टोकियोत चौघींचं आणखी एक सुवर्ण घेऊन तिची संख्या सहावर गेली.

या खेळात एक अडचण मात्र कायमची आहे: ऑलिम्पिकमधल्या शर्यतींची यादी सतत बदलते. लंडनपासून पुरुषांच्या पाचशे मीटरच्या शर्यती काढून दोनशे मीटरच्या आणल्या. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हजार मीटरला साडेतीन मिनिटांच्या आसपास लागतात, तिथे दमसास चालतो. दोनशे मीटर पस्तीसेक सेकंदांत संपतात, तिथे श्वास घ्यायलाही फुरसत नसते, सगळा स्फोट. मग टोकियोसाठी त्यातल्या काही काढल्या, महिलांची कनू पहिल्यांदाच आली, पुरुषांची चौघांची कयाक हजारवरून पाचशेवर आली. पॅरिसला दोनशेची एकेरी कयाक गेली. शांदोर तोत्काचं बघा. टोकियोत त्याने दोनशे मीटरचं सुवर्ण जिंकलं आणि त्याची शर्यतच रद्द झाली. त्याने शरीर पुन्हा घडवलं, बेन्त्से नादाशबरोबर दुहेरी पाचशेत उतरला आणि २०२४ला पॅरिसमध्ये रौप्य घेऊन आला. त्या रौप्याची किंमत मी सुवर्णापेक्षा कमी लावणार नाही.

पॅरिसला सुवर्णांची ती साखळी तुटली. १९८८पासून पहिल्यांदाच हंगेरीचे होडीवाले सुवर्णाशिवाय परतले. पुरुषांच्या एकेरी हजारमध्ये चेक प्रजासत्ताकाचा योसेफ दोस्ताल जिंकला, वर्गा पुन्हा दुसरा, कोपास तिसरा. आणि महिलांच्या कयाकमध्ये न्यूझीलंडची लिसा कॅरिंग्टन कुणालाच पुढे जाऊ देईना. एकेरी, दुहेरी, चौघी, तिन्ही तिने जिंकल्या. रिओत कोझाकने केलं होतं अगदी तेच.

तरी त्या आठवड्यातली एक शर्यत मी पुन्हा पुन्हा बघतो. चौघींच्या कयाकमध्ये हंगेरीला कांस्य मिळालं, होडीत तामारा चिपेश, आलिदा गाझो, नोएमी पुप आणि शारा फोयत. दुसऱ्या दिवशी दुहेरीची अंतिम शर्यत. आता नियम दोन होड्यांना परवानगी देत होता, म्हणून काल एका होडीत बसलेल्या चौघी आज दोन होड्यांत, वेगवेगळ्या रांगांत, एकमेकींविरुद्ध. चिपेश आणि गाझो दुसऱ्या आल्या. तिसऱ्या जागेसाठी पुप-फोयत आणि जर्मनीची जोडी यांची नाकाडं रेषेवर एकदमच पोहोचली. फोटो तपासला तरी फरक सापडेना. दोन्ही होड्यांना कांस्य देण्यात आलं, आणि कालच्या चौघीजणी पदकमंचावर पुन्हा एकत्र उभ्या राहिल्या, या वेळी दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवर.